पोचलं

रविवारी रात्री नऊला
भुसावळहून हेमराज बोलतो.
बोलतो म्हणजे हातांनी.
त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, मला येतं,
आणि आमची भाषा कुठल्या शाळेतली नाही,
लहानपणी चुलीपुढे बसून केलेली:
हनुवटीवर दोन बोटं म्हणजे मामा,
बोटावर बोट आपटलं की भांडण,
बंद मुठीवर फुंकर म्हणजे संपलं.

मोबाइल मी मिसळणाच्या डब्याला टेकवते,
उत्तमनगर, दुसरा मजला.
गेले तीन रविवार तो मधेच थिजतो.
मामा, भांडण,
आणि मूठ तशीच हवेत.
मग एकदम दहा हात, पत्ते पिसल्यासारखे,
त्यातला कुठला कशाचा, कळत नाही.
नेटवाल्यांना मी शिव्या घातल्या.
आमच्याकडे त्याही हातांनीच जमतात.

सोमवारी निकाळजे आला,
खांद्यावर वायरचं भेंडोळं.
तपासून म्हणाला, ताई, शंभरचे शंभर येतायत,
लाइन एक नंबर.
मग कान आतल्या खोलीकडे लावला.
ओजस क्लासला गेलेला,
त्याचा कॉम्प्युटर एकटाच घरघरत होता
एकशे दहा जीबीचा खेळ उतरवत.
दर दोन दिवसांनी नवं काहीतरी असतंच.

"संध्याकाळी द्वारकेला अडकलात कधी?
पुढे कांद्याचे पन्नास ट्रक,
मागे एक स्कूटर, डिकीत गोळ्यांची एक पट्टी.
पट्टीला जागा कितीशी लागते?
पण उभी ट्रकांमागेच.
तुमचा भाऊ म्हणजे ती पट्टी."

रस्ता रुंद करा मग, मी म्हटलं.
"करा. ट्रक तेवढे पसरतील.
खेळ कधी पुरे म्हणत नाही.
आणि खांबावरची आमची पेटी भिडस्त,
जागा नसली तरी कुणाला परत पाठवत नाही,
या, बसा म्हणते,
आणि सगळ्यांनाच ताटकळत ठेवते."

एवढं कळलं होतं.
पण मग भेंडोळं सोडवता सोडवता तो म्हणाला,
"शिवाय एकेक तुकडा उतरला
की इकडून वर कळवावं लागतं, पोचलं.
पोचलं, पोचलं, पोचलं,
सेकंदाला हजारदा.
आणि तुमची वर जायची वाट बोळाएवढी.
तिथूनच हे सगळे 'पोचलं' जाणार,
तिथूनच तुमचे हात."

मी ऐकत होते
आणि माझ्या लक्षात आलं,
मी केव्हाची मान हलवतेय.
हेमराजशी असंच चालतं.
तो दोन शब्द करतो, मी मान हलवते, तो पुढे जातो.
नाही हलली तर थांबतो,
तेच दोन शब्द पुन्हा, जरा मोठ्ठे.
तीन रविवार माझी मान
कुठल्या तरी खांबावर अडकून पडली होती
आणि तो तिकडे
मामा, भांडण, मामा, भांडण.

निकाळजेने राउटरमध्ये
शंभरच्या जागी पंच्याऐंशी लिहिलं.
अरे, मी पैसे शंभरचे भरते!
"पंधरा सोडा, ताई.
काठोकाठ भरलेल्या वाटीत चमचा बुडवता येत नाही."
चहाला थांबला नाही,
पवननगरला अजून दोन घरं होती.

ओजस चिडला.
खेळ अर्धा तास उशिरा उतरणार म्हणे.
मी म्हटलं, तुला नाक आहे का, शिंक.
ते काही त्याला समजलं नाही,
मलाही नीटसं नाही,
पण पंच्याऐंशी मी बदलू दिले नाहीत.

पुढच्या रविवारी, नऊला,
आत कॉम्प्युटर घरघरत असताना
हेमराजने हनुवटीला दोन बोटं लावली.
बोटावर बोट.
मग मूठ,
आणि या वेळी ती थिजली नाही,
खाली आली ओठांपाशी,
गाल फुगले,
फुंकर.

मी मान हलवली.
त्याने पुन्हा केलं नाही.